तीस गोळ्या, दहा घरं

कमळूच्या हातात काहीही दिलं की तो आधी ते मोजतो आणि मग आजूबाजूची माणसं मोजतो. मोसंबं दिलं तर सोलून फोडी मोजेल. एका लग्नात त्याला लाडू दिला तर त्याने त्याचे सहा तुकडे केले, कारण पंगतीत त्याच्या डाव्या-उजव्या हाताला मिळून पाच जण होते आणि त्या पाचांच्याही पानात आपापले लाडू होतेच. ते पाच जण अजून ही गोष्ट सांगतात.

शहापूरहून सापगावचा पूल ओलांडून मुरबाडच्या अंगाला निघालं, की तासा-दीड तासाने रस्ता सोडून आत एक दहा घरांची वाडी लागते. या वाडीत वाटे घालायचं काम गेली सत्तावीस वर्षं कमळूकडे आहे. त्याला पगार नाही. निवडणूकही नाही. पण सरपंचाने सांगितलेलं ऐकायचं की नाही यावर वाडीत चर्चा होते, कमळूने घातलेल्या वाट्यावर होत नाही.

पावसाळा सरून ओहळ बारीक झाला की दहाही घरांतली माणसं डोहावर उतरतात. वरच्या अंगाला मातीचा बांध घालायचा आणि पत्र्याच्या डब्यांनी दिवसभर पाणी उपसायचं. दिवस कलतीला लागतो तेव्हा तळाच्या चिखलात मासे वळवळायला लागतात. कोणी किती पकडले याला अर्थ नसतो, सगळ्यांचा एकच ढीग. मग कमळू सागाची दहा पानं ओळीने मांडतो. मोठा मासा पानाला एक, मधला दोन, बारीक खवल्या मासोळ्या मुठीने आणि शेवटच्या पाच-पंचवीस मोजून. नांगी असलेला खेकडा आणि नांगी तुटलेला खेकडा हे त्याच्या लेखी दोन वेगळे प्राणी आहेत. पोटुशी बाई असेल तर त्या घराला एक मासा जादा, कारण पोटातलंही तोंड आहे.

वाटे घालून झाले की तो पानांकडे पाठ करून बसतो. कोणीतरी एका पानाला काठी लावतं आणि विचारतं, "हा कोनाचा?" कमळू न बघता एका घराचं नाव घेतो. स्वतःचं नाव तो शेवटी घेतो. ज्याने वाटे घातले त्याने उरलेला घ्यायचा. म्हणजे सगळे वाटे सारखे ठेवण्यात त्याचाच फायदा आहे, हे उघड आहे. पण ते कमळूच्या डोक्यात कधी आलं असेल असं मला वाटत नाही.

मुंबईच्या कुठल्याशा मंडळाने एकदा थंडीत नऊ ब्लँकेटं आणली होती. घरं दहा. मंडळाची माणसं म्हणाली, एखादं घर राहू दे, पुढच्या वर्षी बघू. कमळूने महिन्याचे तीस दिवस दहा घरांत वाटले, प्रत्येक घराने तीन रात्री बिनब्लँकेटच्या काढायच्या असं ठरवलं आणि पहिल्या तीन रात्री आपल्या घरावर घेतल्या. मंडळाच्या माणसांनी याचे फोटो काढले. ब्लँकेटाचे फोटो नीट येतात, वाट्याचे येत नाहीत, त्यामुळे फोटोत नुसता थंडीने आखडलेला कमळू दिसतो.

अशा माणसाचे संध्याकाळचे डोळे गेले.

दिवसा त्याला सगळं दिसायचं. लांबच्या टेकडीवर कोणाची गाय चरते हेही सांगायचा. पण दिवस मावळला की त्याच्यापुढे कोणी घोंगडी धरल्यासारखं व्हायचं. त्याने आधी बल्बला दोष दिला. मुलाने, रोशनने, बल्ब बदलला. रोशन कसाऱ्याजवळ हायवेवरच्या हॉटेलात कामाला आहे, आठवड्याने घरी येतो. पुढच्या आठवड्यात आला तर बाप पुन्हा म्हणाला, "ह्यात पन दम नाय." त्याने दुसरा बदलला. तेवढ्यात कमळू अंगणात बांधलेल्या शेळीला अडखळून पडला, आणि बायको ठकी म्हणाली, "आता शेळी बदलून आना."

मार्गशीर्षात डोह उपसला तेव्हा हे चव्हाट्यावर आलं. दिवस मावळता मावळता कमळूने नेहमीसारखे वाटे घातले, पाठ फिरवली, नावं घेतली. सातव्या पानाला काठी लागली तेव्हा त्याने रखमीचं नाव घेतलं. रखमी म्हातारी, एकटी राहते. तिने पान उचललं, बघितलं, आणि आरडाओरडा न करता कमळूपुढे धरलं.

"बघ रे बाबा."

कमळूने पानात बघितलं. "बरा हाय की."

पानात मोठा मासा, मरळ, नव्हता. प्रत्येक पानाला एक मरळ होता, रखमीच्या पानाला नव्हता. दोन मरळ नवशाच्या पानात होते. नवशा कमळूच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा दोस्त. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी बघितला व्हता. मला वाटला आज देव पावला."

रखमीचा मरळ तिला मिळाला. पण कोणी आपलं पान उचलून घराकडे वळलं नाही. सत्तावीस वर्षांत वाट्याला पहिल्यांदा कोणीतरी हात लावला होता. शेवटी भिमा बोलला. भिमा तिशीतला, दहावी झालेला, वाडीत सगळ्यात चांगला फोन त्याच्याकडे.

"दादा, शिमग्याच्या आदी मोठा डोह उपसायचा हाय. तवापत्तूर तुजं डोळं आलं तर तूच घाल. नाय आलं तर मी घालीन."

"बरा," कमळू म्हणाला.

तो त्या संध्याकाळी जेवला नाही. ठकीला वाटलं मासे आवडले नाहीत. मग तिला वाटलं, आपण किती खुळ्या आहोत.

रोशनने सुट्टी काढून बापाला शहापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी डोळे तपासले, मोतीबिंदू नाही म्हणाले, आणि डोळ्यांतला पिवळेपणा बघून पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळ्यांसाठी गेलेल्या माणसाला पोट दाखवायला पाठवलं, यावर कमळूने रिक्षात रोशनला विचारलं, "हा डाक्टर पास झालेला हाय ना?"

पोटाच्या डॉक्टर म्हणजे डॉक्टर रुचिता. त्यांनी पोट दाबून बघितलं, पायाची सूज बघितली, सोनोग्राफी आणि रक्त सांगितलं. रक्ताचा एक नमुना ठाण्याला गेला. आठवड्याने रिपोर्ट आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला जो सगळे विचारतात.

"काका, दारू किती घेता?"

"शिमग्याला."

"आणि बाकीच्या वेळी?"

"कोनाचा लगीन असला तर."

रोशन मध्ये पडला. "म्याडम, ह्यो खरंच पित नाय. बाटली हातात आली की पयले सगळ्यांना वाटत बसतो. ह्याच्यापत्तूर येतच नाय."

रिपोर्टही तेच म्हणत होता. कधीतरी जुनी कावीळ झाली होती, ती वरून गेली पण रक्तात राहिली, आणि आतल्या आत लिव्हर खात बसली. बाईंनी घरच्या सगळ्यांचंही रक्त तपासून घेतलं. कोणाला काही निघालं नाही, त्यांना लशी सुरू केल्या. वाडीत ही बातमी पोचली तेव्हा नवशाने त्यातून आपल्या कामाचं तेवढं घेतलं: "न पिता ह्याचा लिवर गेला. मंग मी कशापायी सोडू?"

संध्याकाळच्या डोळ्यांचं कारण बाईंनी समजावून सांगितलं. डोळ्याला अंधारात बघायला एक जीवनसत्त्व लागतं. आपण खातो त्यातून ते येतं आणि लिव्हरमध्ये साठतं. गरज पडेल तसं तिथून डोळ्याला जातं.

"म्हंजे कणगी," कमळू म्हणाला.

"हो. तुमची कणगी खराब झालीय. धान्य आत नीट येत नाही, आलेलं टिकत नाही."

"मंग भरून काय फायदा?"

बाईंना हा प्रश्न आवडला असावा. "एकदम भरायचं नाही. फुटकी कणगी आहे, एकदम भरली तर मोडेल. रोज थोडं. ही कॅप्सूल रोज एक, सकाळी जेवणाबरोबर. तीस दिवस, मग मला दाखवायचं. आणि बाजारातली लाल टॉनिकं मला विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. तुम्हाला लोह कमी नाहीये, उगाच घेतलं तर लिव्हरवर भार."

चिठ्ठी दोन औषधांची होती. एक जुन्या काविळीवरची पांढरी गोळी, ती कायमची. दुसरी ही पिवळी, तेल भरलेली, हातात धरली तर आरपार दिसणारी कॅप्सूल. घरी परतताना जीपमध्ये कमळूने विचारलं, ही कसली आणि ती कसली. रोशनला पुन्हा कणगीपासून सुरुवात करायचा कंटाळा आला. तो म्हणाला, "पांढरी ती औषधाची. पिवळी ताकदीची."

रोशनचं तसं फारसं चुकलं नव्हतं. पण औषध आणि ताकद यात वाडीत फरक आहे. औषध ज्याचं त्याचं असतं, दुसऱ्याने मागू नये आणि आपण देऊ नये. ताकद म्हणजे खाणं. आणि खाणं आलं की दहा घरं आली.

दुसऱ्या दिवशी माणसं बघायला यायला लागली. आजाऱ्याला बघायला आलेलं माणूस हात हलवत परत जात नाही. एरवी चहा होतो. पण त्या दिवशी मधोमध पिवळ्या गोळ्यांची बाटली ठेवलेली होती.

"ह्या काय हायेत रे?" नवशाने विचारलं.

"ताकदीच्या."

"शहापूरच्या?"

"व्हय."

नवशाने बाटली उजेडाकडे धरली. "सोन्यासारख्या हायेत. मला पन आज-काल लय थकल्यासारखा होतो."

रखमी म्हणाली, "थकायला तू काय करतोस?"

सगळे हसले. कमळू हसला नाही. तो बाटलीतल्या गोळ्या मोजत होता. तीस. घरं दहा. दहाने भाग इतका सरळ गेला, की त्याला ती देवाचीच खूण वाटली असणार. त्याने ठकीला पानं आणायला सांगितली.

"येडा झालास का?" ठकी म्हणाली. "डाक्टरीन बाय तुला खायला सांगते. वाडीला नाय."

"माजा वाटा मी खाईन की."

"तुजा वाटा म्हंजे सगली बाटली."

"आजपत्तूर मी कवा एकल्याने खाल्लाय?"

खरंच कधी खाल्लं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरून आलेली सांजोरीची टोपली याने दारातच रिकामी केली होती, ते ती अजून विसरलेली नाही. दहा पानं मांडली गेली. पानाला तीन कॅप्सूल. कोणाच्या घरात किती माणसं, हे त्या-त्या घराने बघावं. कमळूच्या घरात चार माणसं होती. रोशनने आपण घरी नसतो म्हणून वाटा सोडला. एक ठकीला, एक सुनेला, दीपालीला, एक कमळूने स्वतः, त्या सकाळी, भाकरीबरोबर. तिला नुकतेच दिवस गेले होते, त्यामुळे तिला एक जादा मिळायला हवी होती आणि शिल्लक नव्हती, याचं त्याला वाईट वाटलं.

पांढरी गोळी मात्र तो रोज, न चुकता, एकट्याने घेत होता.

महिन्याने तो शहापूरला गेला. बाईंनी विचारलं, संध्याकाळी दिसतं का. नाही म्हणाला. गोळ्या घेतल्या का? कमळू म्हणाला, "सगळ्या सपल्या." हे खोटं नव्हतं. बाईंनी अजून एक महिना दिला. दुसरी बाटली आली, पुन्हा पानं मांडली, आणि या वेळी तर लोक न बोलावता आले. कमळूने स्वतःची एक गोळी भाकरीबरोबर खाल्ली आणि संध्याकाळी तो पुन्हा शेळीला अडखळला.

तोवर माघ संपत आला होता. भिमा एकदा सहज म्हणून डोहावर जाऊन पाणी किती आहे ते बघून आला. परत येताना कमळूच्या दारावरून आला, पण थांबला नाही. कमळू दारातच बसलेला होता.

तिसऱ्या खेपेला रोशनला सुट्टी नव्हती, म्हणून ठकी बरोबर गेली. बाईंनी पुन्हा रक्त तपासून घेतलं होतं. कागद बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काहीच फरक नाही. काका, रोज एक?"

"सपल्या सगळ्या."

बाईंनी पेन उचललं. "मग अंगी लागत नाहीयेत. आपण डोस वाढवू. तिप्पट करू. पण नीट ऐका. हे जास्त झालं तर तुमच्या लिव्हरवरच उलटतं. दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायला यायचं. डोकं दुखलं, उलटी झाली, तर लगेच."

ठकी इतका वेळ भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत होती. ती म्हणाली, "बाय, वाढवू नको. ह्याने दोन खाल्ल्या."

"रोज दोन?" बाई खुर्चीत सरळ झाल्या.

"नाय गो. दोन म्हयन्यांत दोन."

मग सगळं बाहेर आलं. ठकीने पानांपासून सांगितलं. मध्ये कमळू एकदाच बोलला, दुसऱ्या बाटलीला वाटे कसे बरोबर बसले ते सांगायला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्या घरांमध्ये लहान मुलं आहेत?"

"हायेत."

"गरोदर कोणी?"

"आमची सून."

बाईंनी कागद बाजूला सारले. मग म्हणाल्या, तिला फोन लावा, आत्ता. ठकीने लावला आणि फोन टेबलावर ठेवला. दीपालीला वाटलं सासरा गेला. तसं काही नाही हे कळल्यावर तिला विचारलं, त्या पिवळ्या गोळ्या खाल्ल्यास का.

"मामा हायेत का तिकडं?" तिने विचारलं.

"हायेत," ठकी म्हणाली. "सांग."

बराच वेळ फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत होता. "मला त्याचा वास सोसला नाय. मी दोनी कोंबडीला घातल्या."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "कोंबडी कशी आहे?"

"अंडी देते."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात एवढा वेळ नसलेला जीव परत आला.

त्यांनी कमळूला पुन्हा कणगीवर आणलं. तुमची कणगी रिकामी आहे, म्हणून तुम्हाला भरायला दिलं. बाकीच्यांच्या कणग्या भरलेल्या आहेत. भरल्या कणगीत रोज ओतत राहिलं तर ती फुटते. लहान पोरांचं शरीर तेवढंसं, त्यांना लवकर जास्त होतं. पोटातल्या बाळाला तर सुरुवातीच्या महिन्यांत याचा जादा डोस वाईटच. पाच-सहा गोळ्यांनी कोणाला काही झालं नसेल, पण उरलेल्या घरात पडून राहता कामा नयेत. "जाऊन सगळ्या परत घ्या आणि मला आणून द्या. आणि ही नवीन बाटली तुमची. फक्त तुमची. रोज एक."

"परत घ्यायच्या?" कमळूने विचारलं.

"हो."

"दिलेला वाटा मागता येत नाय, बाय."

"मग काय, पोरांना खाऊ देत?"

कमळूने डोकं हलवलं. पण ते हो म्हणून होतं की नाही म्हणून, ते बाईंना कळलं नाही.

जीपमध्ये सापगाव मागे पडेपर्यंत तो नवी बाटली हातात फिरवत होता. मग म्हणाला, "एकल्याने खायचा म्हंजे चोरी केल्यासारखा वाटतो."

ठकी एवढ्याचीच वाट बघत असावी. "लिवर खराब झाला तो कोनी वाटून घेतला? दहा पानं मांडली व्हतीस का तवा? त्यो सगला एकल्याच्या पदरात आला का नाय? मंग त्याच्या मागून आलेली गोळी दहा घरांत कशी जाते?"

जीपमध्ये आणखी अकरा माणसं होती. त्यांतल्या एकाने मान डोलावली. कमळूने बाहेर बघायला सुरुवात केली, दिवस मावळलेला असल्यामुळे त्याला दिसत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो निघाला. हातात रिकामी बाटली. वाडीतली नऊ घरं फिरायला दहा मिनिटं लागतात, त्याला संध्याकाळ झाली. प्रत्येक दारात तो आधी बसला, पाणी प्याला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठता उठता विचारलं, त्या गोळ्या उरल्यात का.

निघाल्या. चोपन्न गोळ्या त्याने या नऊ घरांत घातल्या होत्या, त्यांतल्या एकतीस परत आल्या. शामच्या घरी पोरांनी तीन दाबून फोडल्या होत्या, आत खरंच तेल आहे का बघायला. उरलेल्या तीन शामच्या बायकोने डब्यात लोणच्याशेजारी ठेवल्या होत्या. नवशाने तीन बैलाला चारल्या होत्या, तीन देव्हाऱ्यात होत्या, हळदकुंकू वाहिलेल्या.

"आता देवाकडनं पन परत नेतोस?" नवशा म्हणाला.

"डाक्टरीन बाय म्हनली, खायच्या नायत."

"देव खातोय का? त्यो बघत बसलाय नुसता." पण त्याने काढून दिल्या, आणि कुंकू पुसायचं तेवढं कमळूवर सोडलं.

भिमाने सहाच्या सहा नियमाने खाल्ल्या होत्या, बाटलीवरचं वाचून. कमळूने विचारल्यावर तो जरा घाबरला. फोनमध्ये काहीतरी शोधलं, वाचलं आणि आणखी घाबरला. कमळूने त्याला बाई काय म्हणाल्या ते सांगितलं, सहा खाल्ल्याने काही होत नाही. भिमाने पुन्हा तेच विचारलं, कमळूने पुन्हा तेच सांगितलं. त्या दिवशी या एकाच घरात त्याला मागावं लागलं नाही.

रखमीने पदराची गाठ सोडली. आत सहाही होत्या, एकमेकींना चिकटलेल्या.

"खाल्ल्या नायस?"

"आजारी पडीन तवा खाईन म्हनून ठेवल्या." तिने त्या एकेक सुट्या केल्या. "तुला कमी पडतात असा बोलला असतास तर कोनी घेतल्या असत्या का रे? आमाला वाटला तुज्याकडं जादा हायेत, म्हनून वाटतोस."

कमळूने गोळ्या बाटलीत टाकल्या. जादा असेल तरच वाटायचं, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि त्याला ते पटलं असं त्याच्या तोंडावरून वाटत नव्हतं. पण तो वादात पडला नाही. त्याला अजून तीन घरं करायची होती, आणि उजेड जायला लागला होता.

नवी बाटली ठकीने तांदळाच्या डब्यात ठेवली. रोज सकाळी भाकरी खाऊन झाली की ती एक गोळी काढून नवऱ्याच्या हातावर ठेवायची आणि तो ती गिळेपर्यंत समोर उभी राहायची. कमळू भिंतीकडे तोंड करून खायचा. नवी नवरी सासऱ्यासमोर जेवते तसा. नवशा मुद्दाम त्याच वेळेला दारावरून जायचा. "खा रे खा. आमी नाय बघत." एक-दोनदा कमळूला ठसकाच लागला.

बाराव्या-तेराव्या दिवशी संध्याकाळी ठकी चूल पेटवत होती. कमळू बाहेरून आला, अंगणात शेळीजवळ थांबला, आणि तिला वळसा घालून आत आला. ठकीने बघितलं. तिने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. त्यानंतर रोज संध्याकाळी तो उगाचच अंगणात जाऊन यायला लागला.

पण हे त्याने वाडीत कोणाला सांगितलं नाही. वाटे घालायचं काम मागून घ्यायचं नसतं. सत्तावीस वर्षांपूर्वी ते त्याने मागितलं नव्हतं. त्यातून आता तो दिलेले वाटे परत घेतलेला माणूस होता, आणि त्याला वाटत होतं की डोळे आले तरी ते काम आता आपलं नाही. ठकीने एकदा म्हटलं, भिमाला सांगून ये. तो म्हणाला, "मी नाय जात. बघल त्यो."

शिमग्याच्या चार दिवस आधी मोठा डोह उपसला. बांध दोनदा फुटला, त्यामुळे तळ लागायला उशीर झाला. मासे वर आले तेव्हा सूर्य गेलेला होता. सागाची पानं एव्हाना झडून गेलेली, म्हणून भिमाने प्लास्टिकचा मोठा कागद अंथरला आणि त्यावर खडूने दहा चौकोन आखले. एक चौकोन जरा लहान झाला होता, तो त्याने पुसून पुन्हा आखला. फोनची बॅटरी लावून फोन दातात धरला आणि वाटे घालायला बसला.

कमळू चार हातांवर एका दगडावर पाय धूत बसला. कोणी त्याला बोलावलं नाही, कोणी जा म्हणालं नाही. लोक त्याच्याकडे न बघता उभे होते.

भिमाचं काम वाईट नव्हतं. पण फोनचा उजेड ओल्या माशांवर पडला की सगळंच चमकायचं, आणि फोन दातात असल्यामुळे त्याला मोजताना आकडे म्हणता येत नव्हते. तो तिसरा चौकोन संपवून चौथ्याकडे गेला.

"तिसऱ्यात वाम दोन हायेत," कमळू म्हणाला.

भिमा थांबला. त्याने फोन हातात घेतला. "एकच घातली मी."

"खालती बघ. चिकटून बसलीय."

भिमाने वाम उचलली. तिच्या खाली दुसरी होती, बारीक, चिखलाच्या रंगाची. त्याने ती बाजूला ठेवली आणि कमळूकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. नवशा तेवढ्यात जवळ येऊन कमळूच्या तोंडापुढे बोटं नाचवायला लागला, किती बोटं सांग म्हणून.

"बोटं चार हायेत," कमळू म्हणाला, "पाचव्याचा नख तू गेल्या शिमग्याला पिऊन तोडलास."

भिमाने बॅटरी बंद केली. त्याने आढेवेढे घेतले नाहीत आणि माफीही मागितली नाही. तो उठला, हात चड्डीला पुसले आणि म्हणाला, "दादा, बस."

कमळू क्षणभर जागेवरूनच हलला नाही. रखमी म्हणाली, "बस रे बाबा, थंडी वाजते." मग तो उठला, कागदापाशी येऊन उकिडवा बसला, भिमाने घातलेले तीन वाटे आणि अर्धा चौथा दोन्ही हातांनी ओढून परत ढिगात ढकलले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

वाडीतल्या सगळ्यांच्या तोंडून एकाच वेळी सुस्कारा निघाला. खवल्या त्या दिवशी बारीक होत्या आणि भरपूर होत्या. कमळूने त्या मुठीने घातल्या आणि शेवटच्या मोजून घातल्या. खेकड्यांच्या नांग्या तपासल्या. दीपालीला पाचवा लागला होता, त्या घराला एक मरळ जादा गेला, तो दीपालीने हातात घेऊन नीट बघून घेतला.

कमळूचं लिव्हर बरं झालेलं नाही, ते बरं होणारही नाही. पांढरी गोळी कायमची आहे. पिवळ्या गोळ्या बाईंनी पुढच्या खेपेला थांबवल्या, आता बस झाल्या म्हणाल्या. हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी कमळू सहाव्या चौकोनापर्यंत पोचला होता, आणि नवशा टोपली डोक्यावर पालथी घालून दगडावर बसला होता.

"ह्याचं डोळं अजून आठ दिवसांनी आलं असतं तर बरा झाला असता," तो म्हणाला. "एवढ्यात माजा कालवण शिजला असता."